सदर पद पोकळीने व्यापलेले आहे

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात घनावस्था भौतिकी हा विषय सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी अकरा ते बारा या वेळेत खोली क्रमांक सत्तावीसमध्ये शिकवला जातो. वेळापत्रक छापील आहे, फळा पुसलेला असतो, पंखा फिरतो, नऊ विद्यार्थी वेळेवर येऊन बसतात. शिकवायला कोणी नाही, एवढी एक किरकोळ बाब सोडली तर या व्यवस्थेत बोट ठेवायला जागा नाही.

ही बाब तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. विषय शिकवणारे सर नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या पदाची फाइल माझ्या टेबलावर आली. मी आस्थापना विभागात वरिष्ठ लिपिक आहे. पद भरायच्या फाइलीवर अकरा सह्या लागतात. दहा झाल्या. अकरावी सही ज्यांची, त्यांचंही पद रिक्त होतं, आणि ते भरायच्या फाइलीवर पहिली सही हवी होती समितीचे सदस्य म्हणून घनावस्थेच्या सरांची. दोन्ही फाइली कपाटात एकमेकींकडे बघत बसल्या.

यंदाच्या नऊ विद्यार्थ्यांत माझी भाची होती. धाकट्या बहिणीची मुलगी. घरात तिला पणका म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून ती प्रत्येक वाक्याला "पण का" विचारत आली आहे. स्फटिक वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम करायचं होतं. तिथे वर्षाला एकच उमेदवार घेतात, आणि मुलाखतीत विचारतात ते फक्त घनावस्थेचं. लहानपणी मिठाच्या पाण्यात दोरा सोडून खडे वाढवणारी मुलगी ती, तिला दुसरं काही करायचंच नव्हतं.

एका शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"मावशी, सहाव्या प्रकरणात अडकलेय. दहा दिवस झाले."

"बाकीची मुलं काय करतात?"

"ती पहिल्यातच अडकलीत, पण त्यांना ते माहीत नाही."

"मग तू अर्ज कर," मी म्हटलं. अर्ज करायला सांगणं हे आमच्या विभागात मायेचं लक्षण समजतात.

तिने अर्ज केला. डोक्यात पुस्तक घोळत असल्यामुळे तिने लिहिलं, "खोली सत्तावीसमध्ये अध्यापक नाहीत. त्यांच्या जागी केवळ पोकळी आहे. कृपया शिकवण्यासाठी कोणालातरी पाठवावे."

अर्ज कुलसचिव साहेबांपुढे गेला तो आठवडा वाईट होता. दीड महिन्याने मूल्यांकन समिती येणार होती आणि समितीच्या तक्त्यात "रिक्त पदे" असा एक रकाना होता. प्रत्येक रिक्त पदामागे विद्यापीठाची श्रेणी खाली येणार होती. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना बोलावून घेतलं. टिपणी लिहायला मी होतेच.

"ही पोकळी काय भानगड आहे, सर?"

विभागप्रमुखांची निवृत्ती सात महिन्यांवर होती. आपल्याला कोणी विषयातलं काही विचारतंय म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ झाले.

"साहेब, असं समजा, नाट्यगृहात एक रांग पूर्ण भरलेली आहे. मधला एक माणूस उठून गेला. त्याच्या शेजारचा त्या खुर्चीत सरकला. मग त्याच्या शेजारचा सरकला. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? रिकामी खुर्ची रांगेतून चालत निघालीय. स्थायू पदार्थात इलेक्ट्रॉनांचं असंच असतं. एवढ्या सगळ्यांचा हिशोब ठेवत बसण्यापेक्षा आम्ही त्या रिकाम्या जागेलाच कण मानतो. पुस्तकात त्याला होल म्हणतात. ही मुलगी पोकळी म्हणते."

"म्हणजे जो नाही, तो आहे असं मानायचं?"

"हो. त्याला वस्तुमान धरतो. प्रभार धरतो, तोसुद्धा धन."

"धन म्हणजे सकारात्मकच की. आणि काम करतो?"

"करतो की. तुमच्या खिशातल्या फोनमधलं निम्मं काम तोच करतो."

साहेबांनी तक्त्यातल्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "जी गोष्ट विज्ञानाला मान्य आहे, ती प्रशासनाने नाकारावी हे बरं दिसत नाही. बाई, लिहा."

"साहेब, ते फक्त गणितात..." विभागप्रमुख म्हणाले.

"तक्ता म्हणजे तरी दुसरं काय असतं, सर?"

मला इथे सांगायला हवं की एकही खोटं वाक्य लिहायचं नाही, असा माझा नेम आहे. आणि तो मी नोकरीत लागल्यापासून पाळला आहे. म्हणून मी जरा थांबले, विचार केला आणि लिहिलं, "सदर पद रिक्त नसून पोकळीने व्यापलेले आहे." यातला कोणता शब्द खोटा आहे? मला सापडला नाही. साहेबांनाही सापडला नाही. त्यांनी सही केली.

नियुक्ती झाली म्हटल्यावर पुढची कार्यवाही ओघाने आली. पोकळीला कर्मचारी क्रमांक मिळाला. हजेरीच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटेना, तेव्हा "शारीरिक कारणास्तव सूट" या तरतुदीखाली तिला अंगठ्यातून वगळलं. तिने रजेचा अर्ज कधीच दिला नाही, त्यामुळे हजेरी शंभर टक्के लागली. विद्यार्थ्यांकडून अभिप्राय भरून घेतले. अध्यापक तास लवकर सोडतात का? नाही. वर्गात फोनवर बोलतात का? नाही. विद्यार्थ्यांत भेदभाव करतात का? नाही. शंका विचारल्यास चिडतात का? नाही. सगळी उत्तरं खरी होती. विद्यापीठातल्या कुठल्याच अध्यापकाला इतके गुण मिळालेले नव्हते.

अंतर्गत परीक्षेचा प्रश्न नियमानेच सोडवला. अध्यापकांनी उत्तरावर हरकत नोंदवली नसेल तर पूर्ण गुण द्यावेत, असं परिपत्रक आहे. पोकळीने एकाही उत्तरावर हरकत नोंदवली नाही. नऊच्या नऊ विद्यार्थ्यांना वीसपैकी वीस पडले. त्यातल्या तिघांनी उत्तरपत्रिकेत फक्त आपलं नाव लिहिलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात.

पणका परत आली. या वेळी ती बसली नाही.

"मावशी, मी उत्तर चुकवलं होतं. मुद्दाम. सहाव्या प्रकरणातलं मला येत नाही ते लिहून ठेवलं होतं, म्हणजे कोणीतरी लाल शाईने दुरुस्त करेल."

"वीस मिळालेत ना?"

"तेच तर सांगतेय."

"अगं, लोक वीससाठी काय काय करतात."

"मला वीस नकोत. मला कोणीतरी चूक म्हणायला हवंय."

मला तिची दया आली. मीच साहेबांकडे शब्द टाकला. साहेब काही वाईट नाहीत. त्यांनी प्रकाशशास्त्राच्या मॅडमना सत्तावीसमध्ये पाठवायचा आदेश काढला. मॅडम आल्या, त्यांनी दोन तास घेतले, आणि पणका त्या दोन दिवसांत घरी गुणगुणत होती असं बहीण सांगते. पण मॅडम इकडे आल्या म्हणजे प्रकाशशास्त्राच्या वर्गात पोकळी गेली. तिथल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात वीसपैकी वीस पडले. हे कानोकानी पसरलं. मग सत्तावीसमधल्या बाकीच्या आठ विद्यार्थ्यांनी निवेदन दिलं, की आमचे नियमित अध्यापक आम्हाला परत मिळावेत. मॅडमना परत पाठवलं, पोकळीची स्वगृही बदली झाली, आणि टिपणीत तिच्या गतिशीलतेबद्दल एक चांगला शेरा पडला.

त्यानंतर मात्र मागणी आवरेना. रसायनशास्त्राने एक पोकळी मागितली. गणिताने दोन मागितल्या. इतिहास विभागाला वाटलं आपल्याला डावललं जातंय. खरं म्हणजे त्यांच्याकडे कधीपासून चार होत्या, फक्त नोंद केलेली नव्हती. काही अध्यापक शहाणे निघाले. त्यांनी लेखी कळवलं की आम्ही प्रत्यक्ष हजर असल्यामुळे आमच्या वर्गाचे निकाल खाली येत आहेत, तरी आमचाही पोकळी म्हणून विचार व्हावा. त्यांचा पगार चालू राहिला. पदाचं स्वरूप तेवढं बदललं.

मूल्यांकन समिती आली. खोली सत्तावीसच्या दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं. पंखा फिरत होता. नऊ विद्यार्थी शांत बसले होते.

"फार शिस्तीचा वर्ग आहे," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "अध्यापक?"

"आहेत," साहेब म्हणाले. "पण पुढे पुढे करणारे नाहीत."

पणका उभी राहिली. "सर, इथे शिकवायला कोणी नाही."

अध्यक्ष कौतुकाने हसले. "आणि तरी तुम्ही इतके स्वावलंबी झालात. हेच तर आम्ही शोधत होतो." त्यांच्या सचिवाने वहीत काहीतरी टिपलं. विद्यापीठाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. वार्षिक समारंभात आदर्श अध्यापकाचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा व्यासपीठावर एक खुर्ची ठेवली, तिच्यावर पुष्पगुच्छ ठेवला, आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या मीही वाजवल्या. टाळी म्हणजे काही वाक्य नव्हे.

या सगळ्या धामधुमीत पणकाने सहावं प्रकरण सोडवलं. कसं, ते तिलाच माहीत. तीन वेगवेगळी पुस्तकं आणून एकातली चूक दुसऱ्याने काढत बसायची. बारा प्रकरणं झाली आणि ती मुलाखतीला गेली.

तिथून आली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता. ओट्यापाशी उभी राहून तिने मला आणि बहिणीला सगळं सांगितलं. समोर दोन वयस्कर बायका आणि एक सर बसले होते. त्यांनी विचारलं, होल म्हणजे काय. तिने सांगितलं. मग त्यातल्या एका बाईंनी विचारलं, मग सगळेच इलेक्ट्रॉन काढून घेतले तर होल जास्त होतील, वीजही जास्त वाहील, नाही का?

"मी म्हटलं, नाही. बाकीचे आपापल्या जागी असतात म्हणून होल चालते. रांग भरलेली असेल तरच रिकामी खुर्ची चालताना दिसते. सगळेच उठून गेले तर तिथे होल नसते मावशी, तिथे काहीच नसतं. त्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणी नाही."

"मग?" बहिणीने विचारलं.

"मग त्या म्हणाल्या, घेतलं. फक्त विषयशिक्षकाचं शिफारसपत्र हवं, सोमवारपर्यंत. आणि शिक्षक नव्हते असं असेल, तर विद्यापीठाने तसं एका ओळीत लिहून द्यावं, तेही चालेल."

ती माझ्याकडे बघत होती. बहीणही बघत होती.

"एकच ओळ, मावशी. आणि ती खरी आहे."

दुसऱ्या दिवशी मी कोरा कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, असं ते कधी सांगत नाहीत.

"बाई, ती ओळ लिहिली तर श्रेणी जाईल. श्रेणी गेली तर त्या नऊ जणांची पदवी संशयात येईल. त्यात तुमची भाचीही आली. तिचंच नुकसान करायचं आहे का तुम्हाला?"

मी टेबलावर परत आले. खोटं तर लिहायचं नव्हतं. दुपारपर्यंत विचार केला आणि लिहिलं, "विषयाचे अध्यापक सध्या स्वाक्षरीसाठी उपलब्ध नाहीत." शिक्का मारला, जावक क्रमांक दिला, पणकाच्या हातात लिफाफा दिला. तिने तो उघडून वाचला. पहिल्यांदाच तिने "पण का" असं विचारलं नाही.

प्रयोगशाळेने उलट टपाली कळवलं, की अध्यापक उपलब्ध झाल्यावर स्वाक्षरीसह पत्र पाठवावे, तोवर प्रतीक्षा यादीतील उमेदवारास घेण्यात येत आहे. पणका हल्ली एका दुकानात चष्म्याच्या काचा घासते. काचेत स्फटिक नसतो, असं ती गिऱ्हाइकांना सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी. माझ्याशी बोलते, पण जेवलीस का, बरं आहे ना, एवढंच.

तुम्हाला वाटत असेल, तुम्ही माझ्या जागी असता तर ती ओळ लिहिली असती. असेल. तर मग एक सोपं काम करा. तुमच्या मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका काढा. ज्या विषयाला सगळ्यांत जास्त गुण आहेत त्यावर बोट ठेवा, आणि विचारा, हा तुला कोण शिकवतं? उत्तर आलं की तसा अर्ज आमच्याकडे करा. आमच्याकडे पालकांच्या अर्जांसाठी वेगळी आवक नोंदवही आहे. आज विद्यापीठात एकतीस पोकळ्या सेवेत आहेत, आणि त्या नोंदवहीचं पहिलं पान अजून कोरं आहे.