सांगाडा एक, चोर सगळी शाळा

चौकशी करायला प्रशिक्षण लागतं असं कुणी म्हटलं की मला हसू यायचं. अहो, मासा कधी पोहण्याचा क्लास लावतो? मी मुख्याध्यापक असताना व्हरांड्यात नुसता खाकरलो, तरी पलीकडच्या शाळेतली मुलं गुन्हे कबूल करायची! खोटं वाटतंय? वाटू द्या.

तर निवृत्तीनंतर एक दिवस मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे माझ्या खुर्चीत आता बसणाऱ्या मुख्याध्यापिका. प्रयोगशाळेतला सांगाडा नाहीसा झाला होता! प्लॅस्टिकचा, पण चांगला पुरुषभर उंच. किल्ली असायची बरणीकाकांकडे. हे प्रयोगशाळेचे मदतनीस; जन्म बरण्या पुसण्यात गेला म्हणून हे नाव पडलेलं. संस्थेचे सचिव हटून बसले होते, "किल्ली त्याची, चोरी त्याची. काढून टाका!"

"सर, काकांची नोकरी जाईल हो," बाई रडकुंडीला आल्या होत्या. "तुम्ही चौकशी करता का?"

"बाई, संध्याकाळच्या आत चोर हजर करतो!"

आणि केला! एक कसला, अख्खी शाळा हजर केली!

माझी पद्धत सोपी. माणसाला समोर बसवायचं, दार लावायचं, 'खरं बोललात की सोडीन' असं बजावायचं आणि तोवर आपले अनुभव ऐकवायचे. चित्रकलेच्या बाई, सर्कशीतल्या वाघाने माझी माफी मागितली तिथपर्यंत टिकल्या. मग घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "सर, मीच नेला सांगाडा. आता जाऊ? मुलीला आणायचंय." ग्रंथपालांनी तर वाघ पिंजऱ्याबाहेर पडायच्या आत कबुली दिली. कारकून दारातूनच ओरडला, "मी चोरला! सही कुठे करू?"

शेवटी बरणीकाका आले. हात जोडून उभे.

"काका, तुम्हीच ना नेलात?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल, सर. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?"

सचिवांनी बाकीच्यांच्या कबुल्या हसण्यावारी नेल्या, काकांची मात्र झेलली. "बघा, स्वतःच्या तोंडाने कबूल झाला!" वाचवायला गेलो आणि फास मीच आवळून बसलो.

मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण चौकशीचंही रीतसर शिक्षण असतं. ऑफिसातल्या, शाळेतल्या तक्रारींची चौकशी कशी करायची, हे शिकवणाऱ्या एक तज्ज्ञ आहेत. हा त्यांचा नंबर. कुणाकुणाकडे चौकशी करून मिळवलाय."

घरी येऊन नंबर फिरवला. फोन वाजला आमच्याच स्वयंपाकघरात!

"बाबा, घरातल्या घरात फोन?" सूनबाई डोकावली. "पाणी हवंय का?"

"तू... तज्ज्ञ?"

"लग्न होऊन आल्यापासून सांगतेय. दर वेळी तुमचा वाघ मध्ये येतो!"

दुसऱ्या दिवशी बिचारीने रजा टाकली. मला प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसवलं आणि तोंडाला कुलूप घालायला सांगितलं. 'कुणी चोरला' असं तिने कुणालाच विचारलं नाही. काकांना आधी खुर्ची दिली, मग एवढंच म्हणाली, "काका, त्या दिवशी काय काय झालं, तुमच्या पद्धतीने सांगा." आणि गप्प! इतकी गप्प, की बरणीतला बेडूकच आता घसा साफ करून बोलतोय असं मला वाटायला लागलं.

"खेळाचे सर किल्ली घेऊन गेले होते, ताई," काका म्हणाले.

"हे आधी का नाही बोललात?"

"आपण होऊन दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आणि सरांनी 'तुम्हीच ना' एवढंच विचारलं."

खेळाचे सर आले ते घाम पुसतच. "मुलांना गुडघा कसा वळतो ते दाखवत होतो, तर पायच हातात आला! गुपचूप अख्खा सांगाडाच दुरुस्तीला टाकलाय. मी सरांना सांगायला गेलो होतो हो! ते म्हणाले, मध्ये बोलू नका, वाघ आत्ता कुठे हात जोडतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

काकांची नोकरी वाचली. सचिवांनी सर्वांदेखत त्यांची माफी मागितली. मी मात्र सूनबाईपुढे हात जोडले. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू? तुझ्या पुढच्या वर्गात माझंही नाव घाल."

"घालते. पहिला धडा आत्ताच घ्या. विचारायचं, आणि मग गप्प बसायचं."

संध्याकाळी काका आभार मानायला घरी आले. म्हटलं, सराव करावा. "काय काका, कसं काय?" असं विचारलं आणि ओठ मिटले.

काका खुर्चीत चुळबुळले. छताकडे बघून झालं, चपलेकडे बघून झालं. मी गप्प. शेवटी त्यांचा बांध फुटला. "सर, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या नव्या सूक्ष्मदर्शकाची काच तडकलीय ना, ती खरं म्हणजे..."

"काका!!" मी खुर्चीतून उडालोच. "मी एकदा मगरीची दाढ काढली होती, ते सांगितलंय का तुम्हाला?"

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मांडी ठोकून ऐकायला बसले.

"बाबा, पहिल्याच धड्यात नापास!" आतून सूनबाई ओरडली. तिचे उपकार खरंच मोठे! तिच्यामुळेच तर जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकली.