अप्पांचा बाटलीतला समुद्र

आमच्या गल्लीत एक गृहस्थ दर सोमवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, पांढरीशुभ्र बाराबंदी अंगात घालत आणि ओट्यावर येऊन उभे राहत. मग तिचे बंद वरून खाली जेवढे बांधता येतील तेवढे बांधून बघत, सुस्कारा सोडत आणि ती काढून घडी करून आत ठेवून देत. त्यांना कुठेही जायचं नसे. वजन मोजायची त्यांची ती रीत होती. दुकानात माणूस बसवता येईल एवढा तराजू होता, पण "तराजू शेंगदाण्याला. मानसाला बंद," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं नाव मल्लाप्पा. सोलापुरातली आमची सगळी बाळीवेस पेठ त्यांना अप्पा म्हणे. ओट्यावरचा कार्यक्रम संपला की येणारा-जाणारा विचारी, "आज किती, अप्पा?" अप्पा न रागावता सांगत, "वरचे दोन लागले. बाकीच्यांची अजून गाठ पडत न्हाय."

अप्पांचं शेंगाचटणीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. मध्ये उखळ, बाजूला लसणाची टोपली आणि तिखटाचा डबा. चटणी ते स्वतः कुटत. कुटून तेल सुटलं की चव बघत. चव बघायला कडक भाकरी लागे, कडक भाकरीला दही लागे, आणि दही उरलं तर ते टाकून कसं द्यायचं? "चव बघितल्याबिगर गिऱ्हाइकाच्या हातात देनं पाप हाय. चूक कुटं हाय सांग की," असं ते विचारत. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी त्या वर्षी पुण्याला कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो, तरी अप्पांच्या बोलण्यातली चूक मला कधी पटकन सापडली नाही.

माझे वडील वळसंग गावाकडून मेंढरं विकून गिरणीत आले, आणि अप्पांच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड पडलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अप्पांना वाटे, की इंग्रजीत लिहिलेलं जगातलं काहीही मला समजतं. मला ते तसं समजत नसे, पण सांगायला धीर होत नसे.

बाराबंदीचं कारण सांगायला हवं. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. घराच्या माडीहून उंच काठ्यांचे नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून मिरवणूक निघते, आणि तिच्यात चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. तरुणपणी अप्पांनी नंदीध्वज पेललेला. आई सांगायची, की तेव्हा ते उसाच्या कांड्यासारखे होते. पुढे ध्वज सुटला, तरी मिरवणुकीत चालणं सुटलं नव्हतं. पण अलीकडे बाराबंदी मिटेना, आणि मागच्या दोन गड्ड्यांना अप्पा ओट्यावरच बसून राहिले. मिरवणूक पुढच्या रस्त्याने गेली, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले. यंदा मात्र चालायचंच, आणि चालायचं ते ह्याच बाराबंदीत, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

समोर हुसेनचाचा दर्जी बसत. ते सोमवारचा हा प्रकार सुई ओवता ओवता बघत आणि म्हणत, "अप्पा, लाव इधर. अंदर माया होगी, दबाया हुआ कपडा, उसवके ढीला कर देता. चाय ठंडी होने के अंदर."

हे ऐकलं की एरवी मुंगीला बाजूला करून चालणारे अप्पा लालबुंद होत. "हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणत आणि आठवडाभर हुसेनचाचांशी अबोला धरत. कुणी म्हणे, सोलापुरात राहून कापडाला काय तोटा, नवी शिवा. त्यावर उखळात मुसळाचे घाव मोठ्याने पडू लागत. आई म्हणायची, "मानूस एवढा सादा, पर ह्या एका गोष्टीत लई आडमुठा."

उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आलो, तेव्हा अप्पांनी मला हाक मारली. ते मला तम्मा म्हणत, कानडीत धाकटा भाऊ. चटणी बांधायच्या रद्दीतला एक इंग्रजी कागद त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. त्यावर दोन साहेबांची चित्रं होती, एक गोल आणि एक सडपातळ.

"तम्मा, हे दोघं भाऊ भाऊ हायत का?"

मी अडखळत वाचून सांगितलं, की दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत. आधीचं आणि नंतरचं. समुद्रातल्या शेवाळाच्या अर्काच्या गोळ्या आहेत, त्या घेतल्या की चरबी उतरते, असं लिहिलंय.

अप्पांनी सडपातळ साहेबावर बोट ठेवलं. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि मीही पाहिला नव्हता. मग त्यांचा चेहरा उजळला. "खरं असनार," ते म्हणाले. "आपली भीमा, सीना, समद्या नद्या रोज त्याच्या पोटात जात्यात. येवढं पिऊन समुद्र कधी सुटलाय का? जितल्या तितं हाय. काईतरी आसल की त्याच्यात. चूक कुटं हाय सांग."

मी गोळ्यांचं नाव वहीत उतरवून घेतलं.

पुण्याला गेल्यावर मी लष्कर भागातल्या एका औषधाच्या दुकानासमोरून दोन-तीनदा नुसताच गेलो. काचेची कपाटं, आत साहेबलोक. शेवटी धीर करून शिरलो. दुकानदाराने गोळ्यांचं नाव ऐकलं, माझ्या बरगड्यांकडे पाहिलं, आणि कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, काकांसाठी. बोलून गेल्यावर मला ते खोटं वाटलं नाही.

दिवाळीत मी बाटली घेऊन गेलो. अप्पांनी ती आधी देवापुढे ठेवली, मग बूच काढलं. आतल्या गोळ्या काळपट हिरव्या होत्या, आणि असा वास सुटला की गल्लीतलं मांजर उठून अप्पांच्या उंबऱ्यात येऊन बसलं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा शिरलं नव्हतं. अप्पांचा चेहरा पडला. मांजर कशाला येतं हे त्यांना कळत होतं. त्यांनी बाटली पंच्यात गुंडाळली आणि तडक मठात स्वामींकडे गेले. मी मागोमाग.

स्वामींनी बाटली हुंगली. "मीठ खातोस का?" त्यांनी विचारलं. खातो, अप्पा म्हणाले. "ते कुटलं?" समुद्राचं, अप्पा म्हणाले. "मग आजवर कुटलं विचारलं न्हाईस, आता का विचारतोस?" अप्पांनी तिथेच साष्टांग नमस्कार घातला. परत येताना मला म्हणाले, "ह्याला म्हंत्यात ज्ञान."

बाटलीवर लिहिलं होतं, की दिवसातून तीनदा, जेवणाआधी एक गोळी. मी तसं नीट दोनदा वाचून दाखवलं आणि पुण्याला गेलो.

संक्रांतीला मी रजा काढून घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच अप्पा दिसले. ते आधीपेक्षा रुंद झाले होते. सोमवारी तर दोनांतला एकच बंद लागला होता.

मी हळूच विचारलं, गोळ्या घेतल्या नाहीत का? अप्पा दुखावले. एकही चुकवली नव्हती. उलट गड्डा जवळ आला म्हणून तिनाच्या पाच केल्या होत्या. गोळी घेतली की आत धडधडायचं, पण ते भ्याले नव्हते. समुद्राची गोळी म्हटल्यावर लाटा येणारच.

"आणि जेवण?"

"जेवन एकदाबी टाळलं न्हाय बग. एरवी मी दोनदा जेवनारा. पर तू वाचलंस की, जेवनाआदी गोळी. मग गोळीमागं जेवन नको? नुसती गोळी पोटात जाऊन काय करनार बिचारी? पाच गोळ्या, पाच जेवनं. शेवटची दोन तर जबरदस्तीनं ढकलली, तम्मा. चूक कुटं हाय सांग की."

या वेळी चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला ती सांगवेना. पुढे कधीतरी सांगू, असं मी स्वतःशी म्हटलं. मिरवणूक उद्यावर आली होती.

दुपारी आईने मला तिळगुळाची वाटी देऊन अप्पांकडे पाठवलं. उखळ बंद होतं. अप्पा जमिनीवर बसले होते, अंगात बाराबंदी, पुढून उघडी. बंद दोन्ही बाजूंनी नुसते लोंबत होते. बाटली शेजारी रिकामी पडली होती.

"जात न्हाय मी," ते म्हणाले. "समुद्रबी हरला."

मी तिथेच बसलो. आणि जे सगळी गल्ली म्हणायची तेच म्हटलं. म्हटलं, अप्पा, हुसेनचाचांना दिली असती तर. मला वाटलं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"बाह्या बग."

डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड होती. इतकी वर्षं सोमवारी सोमवारी बघत आलो, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ओट्यावर अप्पा नेहमी डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरत. आम्ही ती त्यांची ऐट समजत होतो.

ही बाराबंदी नीलव्वाने शिवली होती. नीलव्वा म्हणजे अप्पांची बायको. मी पाळण्यात असताना वारली. मूलबाळ नव्हतं. अप्पांना पहिल्यांदा नंदीध्वज पेलायला मिळाला त्या वर्षी, दर्ज्याकडे द्यायची नाही म्हणून, तिने स्वतः बसून हाताने शिवली होती. शिवणकाम तिला येत नव्हतं.

"मिरवनुकीत ती कोपऱ्यावरच्या दगडी पायरीवर हुबी होती," अप्पा म्हणाले. "मी जवळ आलो आन् तिला बाही दिसली. तोंड येवढंसं झालं तिचं, पदर चावायला लागली. म्हून मी असा हात दुमडला. मग हसली." डावी बाही ओढत म्हणाले, "उसवली तर नवी शिवन हुसेनची. तिची कुटं राहनार?"

मी उठून बाहेर आलो आणि समोर गेलो. हुसेनचाचांना मी काय आणि किती सांगितलं, मला आठवत नाही. ते चष्मा पुसत ऐकत होते. मग रस्ता ओलांडून अप्पांच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

अप्पांनी बाराबंदी काढून दिली. पहिल्यांदाच त्यांच्या हातात दिली. हुसेनचाचांनी ती उलटी केली, खिडकीपाशी नेली, वेड्यावाकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिवणीला नावं ठेवणारा तो माणूस; मला धाकधूक वाटत होती.

"पक्की है," ते म्हणाले. "सिलाई कू हात नै लगाता मैं. सिर्फ बंद लंबे करता. बीच में जगा रहेगी, उपर से उपरना ले लेव."

आणि अप्पांच्याच उंबऱ्यात बसून त्यांनी प्रत्येक बंदाच्या टोकाला पांढऱ्या कापडाची पट्टी जोडली. अप्पा शेजारी बसून प्रत्येक टाका बघत होते. एकदा म्हणाले, "जरा वाकडा घाल की. लई सरळ दिसतोय." हुसेनचाचांनी मान वर न करता एक टाका वाकडा घातला.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर कोपऱ्यावर उभा होतो. दगडी पायरीवर बायकापोरांची खेचाखेच होती. कुठल्या कुठल्या गावच्या बाया, कडेवर मुलं, हातात ऊस. "हर्र बोला हर्र" असा गजर जवळ आला, नंदीध्वज झुलत गेले, आणि त्यांच्या मागून अप्पा आले. डोक्याला फेटा, सगळे बंद बांधलेले, पोटावर उपरणं. दमले होते. दोन्ही हात हलवत, तोंड उघडून श्वास घेत चालत होते. दोन्ही बाह्या उन्हात स्वच्छ दिसत होत्या, एक लांब, एक आखूड.

पायरी समोर आली, तशी त्यांनी मान वर केली. गर्दीत कुणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं. आणि डावा हात कोपरात दुमडून छातीशी घेतला.

"अप्पाच्या हाताला काय झालं रं?" आईने विचारलं.

वळणापलीकडे जाईपर्यंत तो हात तसाच होता.