बाबांना सांग

मूल हा घराला जोडणारा दुवा असतो, असे सगळी जाणती माणसे सांगतात. हा दुवा कामाला लागला की बाकीचे सगळे रस्ते बंद होतात, एवढे सांगायचे मात्र ती विसरतात.

ड्रॉइंग मास्तरांच्या घरी ही सुधारणा होऊन सव्वा वर्ष झाले होते. कोपऱ्यावरचा चष्मेवाला हा मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र. पूर्वी तो दार ढकलून आत येई, मास्तरांना दोन शिव्या हासडी आणि वहिनींच्या हातचा चहा पिऊन जाई. (वहिनी रेडिओवर बातम्या देत. रोज सकाळी अख्ख्या जिल्ह्याशी थेट बोलायचा त्यांना सराव होता.) बाळ आले आणि घराला शिस्त लागली. आता कोणी कोणाशी परस्पर बोलत नसे. सगळा व्यवहार बाळामार्फत.

"बाबांना विचार, दूध उतू गेलं तेव्हा ते कुठे होते?" वहिनी बाळाला विचारत.

"आईला सांग, बाबा तुझेच लंगोट वाळत घालत होते," मास्तरही बाळालाच सांगत.

बाळाला 'मम्मम', 'भूभू' आणि 'नको' असे तीन शब्द येत. (कित्येक कचेऱ्या याहून कमी शब्दांत चालतात.) पद्धतीचे फायदे उघड होते. आवाज चढत नसे, कारण बाळ दचकते. रुसवा टिकत नसे, कारण रुसायलाही सवड लागते. घरातल्या शंभर वाक्यांपैकी त्र्याण्णव बाळाला उद्देशून असत. उरलेली सात 'श्शू' या सदरात मोडत. एकदा बाळ दिवसभर आजीकडे राहिले. नवरा-बायको समोरासमोर बसले. दोघांना एकमेकांबद्दल अगदी पूर्वीसारखे प्रेम वाटले, पण ते कळवायचे कोणामार्फत? शेवटी बाळाच्या टोपीकडे पाहून त्यांनी बोलणे उरकले.

चष्मेवाल्याने सुरुवातीला नियम मोडून पाहिला. "काय रे, कसा आहेस?" असे त्याने मास्तरांना सरळच विचारले.

"काकांना सांग, आम्हाला दात येतायत," मास्तर बाळाला म्हणाले.

एका रविवारी मात्र त्याचे खरेच काम होते. परगावच्या ताईने त्याला कायमचे तिकडे बोलावले होते. इथले दुकान बरे चालत होते. पण संध्याकाळी दुकान बंद केल्यावर जायचे कुठे? भिंगांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? त्याने मनाशी ठरवले होते, मास्तर एकदा जरी 'जाऊ नकोस' म्हणाला, तर ताईला नाही कळवून टाकायचे.

मास्तर पलंगाखाली अर्धे शिरून बाळाचा मोजा शोधत होते. वहिनी बाळाची वाटी हरवल्यामुळे स्वयंपाकघरात होत्या.

"बोल, बोल, ऐकतोय," पलंगाखालून आवाज आला.

"अरे, मी दुकान बंद करून—"

"अरेच्चा, चेंडू इथे होय! हं, बोल."

मग चष्मेवाल्याने रीतसर बाळाला मांडीवर घेतले, घसा खाकरला आणि तो हळूच म्हणाला, "बाबांना सांग, काका गाव सोडून चाललाय. बाबांना विचार, जाऊ का?"

बाळाने त्याचा चष्मा ओढून काढला, त्याच्याकडे नीट पाहिले आणि स्पष्ट उत्तर दिले, "नको."

चष्मेवाल्याने आशेने पलंगाकडे पाहिले.

"लक्ष देऊ नकोस रे," मोजा घेऊन बाहेर येत मास्तर म्हणाले, "ते सगळ्यालाच नको म्हणतं."

"हो का," चष्मेवाला म्हणाला. त्याने बाळाच्या पायात मोजा घालून दिला आणि तो निघाला.

महिन्याभराने बाळाने मास्तरांचा चष्मा मोडला. मास्तर बाळाला कडेवर घेऊन कोपऱ्यावर गेले, तर दुकानाला कुलूप. शेजारच्या न्हाव्याने काय ते सांगितले. मास्तर तिथेच पायरीवर बसले. "निदान मला सांगून तरी जायचं!" ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच फार वाईट वाटले. (बाळाकडे चौकशी केली असता ते 'भूभू' म्हणाले.)

आपल्या घरी असले काही होत नाही, हे मान्यच आहे. तरी एक करा. परवा जो मित्र तुमच्या मुलाला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या कानाशी बोलत बसला होता, आणि तुम्ही कौतुकाने म्हणालात, "बघा, पोरांचा किती लळा आहे याला!", त्याला आजच फोन करा. त्याला पोरांचा लळा कधीच नव्हता.