बोथट पेन्सिलींचे बापटकाका

सगळं जग पेन्सिलीला टोक काढतं. आमचे शेजारी बापटकाका असलेलं टोक घालवतात. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे ते सँडपेपरवर पेन्सिल घासायला बसले की ती खरखर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. "उत्तराचा गोल काळा करायला टोकदार पेन्सिलीला सात फेऱ्या लागतात, बोथटीला दोन. टोक हवंय कशाला, कुणाला भोसकायचंय?" असं ते मलाच विचारतात, जसा काही टोकाचा शोध मी लावला.

काका साताऱ्याचे निवृत्त मास्तर. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. इथे कॉलेजात जायला एसएटी नावाची परीक्षा द्यावी लागते हे कळल्यावर, कुणी न सांगता, त्यांनी आसपासच्या मराठी मुलांची शनिवारची शिकवणी सुरू केली.

त्यांचा लाडका शब्द एकच: निषेध! कुणी घड्याळ न लावता पेपर सोडवला, निषेध. कुणी साध्या बेरजेला कॅल्क्युलेटर काढला, निषेध. मी चहात साखर कमी घातली, निषेध. माझ्या घरात येऊन माझ्याच चहाचा!

त्या परीक्षेत तेव्हा शब्दांच्या जोड्या असत. मेंढ्यांचा जसा कळप, तसा किल्ल्यांचा काय? काकांचा नियम असा, की जोडी आधी मराठीत जुळवायची, मग इंग्रजीत. किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड. इथेच जन्मलेल्या माझ्या ईशाने उतरंड कुठे पाहिलीय? पण तिला सगळं पाठ. एकदा भरल्या दुकानात मेक्सिकन पोळ्यांपुढे उभी राहून ओरडली, "आई, टॉर्टियाची एक चवड घे!"

आणि २००५ साली परीक्षेतून या जोड्या काढून टाकल्या, निबंध आणला. काकांनी चार पानी निषेध टपालाने धाडला. उत्तर आलं नाही, म्हणून त्याचाही निषेध धाडला. मुलं एकेक करून निबंधाच्या क्लासला गेली. उरली एकटी ईशा. आणि काका तिला अजून उतरंडच शिकवत होते!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. तरातरा शेजारी गेले.

"काका, परीक्षेत आता निबंध आहे, चवड नाही. माझ्या मुलीचा वेळ का वाया घालवताय?"

मला वाटलं, आता निषेध ऐकायला मिळणार. काकांनी वही मिटली. पेन्सिलींना रबरबँड लावला.

"बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी भिंतीपलीकडे खरखर नव्हती. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. उलट स्वतःचाच राग यायला लागला, आणि तो मी ईशावर काढला. "जोड्या रद्द झाल्यात हे तुला माहीत नव्हतं? तोंड नव्हतं सांगायला?"

"ऑफ कोर्स माहीत होतं, आई. एसे मी स्कूलमध्ये प्रॅक्टिस करते."

"मग जायचीस कशाला?"

"काका हॅज नोबडी टु फाइट विथ. त्यांचा मुलगा आणि सून ऑल डे ऑफिसच्या कॉलवर असतात. काकू होत्या तेव्हा दोघं रोज भांडायचे. चहातल्या साखरेवरून. ही टोल्ड मी."

साखर कमी म्हणून दर वेळी ओरडणारा हा माणूस दर वेळी दुसरा कप मागायचा, ते मला तेव्हा आठवलं. मला रडूच आलं.

ईशाने ड्रॉवरमधून शार्पनर काढला, कोरी पेन्सिल घेतली आणि तिला टोक काढत बसली. चांगलं सुईसारखं.

"हे काय आता?"

"फॉर काका," म्हणाली, आणि पेन्सिल घेऊन शेजारी गेली.

मी भिंतीला कान लावून उभी राहिले. दार उघडल्याचा आवाज आला. आणि मग, आठवडाभर साठलेला, अख्खं घर दणाणून सोडणारा आवाज आला.

"निषेध!"

मी डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. साखर मुद्दाम कमी घातली.