उत्तमदादाचं नाक आणि अद्रकीची सड

आमचा उत्तमदादा कुणाच्याही घरी गेला की आधी कुंडीतलं झाड उपटतो, पाणी नंतर पितो.

माझ्या उस्मानपुऱ्याच्या घरी तर त्यानं कहरच केला. शेजारच्या काकूंनी दारात मोठ्या कौतुकानं मोगरा लावलेला. दादा जिना चढून आला, खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता मोगऱ्याची मान धरली आणि झाड मुळासकट वर काढलं. मुळ्या नाकाशी नेल्या, डोळे मिटले. काकू दारात उभ्या, तोंडाचा आ.

"सडलंय की हो बाई. पाणी किती घालता?"

"रोज दोन वेळा!"

"मंग लाडानं मारलं तुम्ही त्याला."

काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मोगरा मेला, आणि त्याच दिवशी त्यांनी दादाचा फोन नंबर मागून घेतला. आता सांगा, अशा भावाला रागवायचं कसं?

बिडकीनच्या अलीकडं आमचं रान आहे, आणि रानात अद्रक. अद्रकीला सड लागली की वरून नुसतं पान पिवळं दिसतं, पण तोवर जमिनीत कंदाचा लगदा झालेला असतो. मातीतली बुरशी साचल्या पाण्यातनं पसरते आणि बघता बघता सगळा प्लॉट बसतो. पान पिवळं पडायच्या आधी दादाला वासावरनं कळतं. तो माझा भाऊ आहे म्हणून हे सांगत नाही. जन्मभर शाळेत पोरं हाकली आहेत मी, थापा मला लगेच ओळखू येतात.

त्याचा मंत्र एकच, "पाणी थांबलं की सड आली." दादा तो कशालाही लावतो. ग्रामपंचायतीची बैठक लांबली, पाणी थांबलं. पुतण्याला नोकरी लागेना, पाणी थांबलं. माझे गुडघे धरले, तरी तेच! एकदा नात्यातल्या लग्नात सगळे वधूवरांवर फुलं टाकत होते आणि हा स्टेजवरच्या कुंड्यांत बोट खुपसून बसला होता. नवऱ्या मुलाच्या मामाला वाटलं डेकोरेशनवालाच आहे. त्यानं दोन कुंड्या हलवायला सांगितल्या. दादानं हलवल्या आणि उन्हात नेऊन ठेवल्या.

बेणं न्यायला लांबून माणसं यायची. बेणं म्हणजे लावायचे कंद. ते हातात पडायच्या आधी दादाचं भाषण ऐकावं लागे. बेड उंच करा. चर काढा. शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवा, ती चांगली बुरशी वाईट बुरशीला खाती. अद्रकीवर पुन्हा अद्रक घेऊ नका. आणि शेवटी हात कमरेवर ठेवून, "माझ्या रानात सडका कंद दाखवा, गाडीभर अद्रक फुकट न्या!" कुणाची टाप होती दाखवायची!

वहिनी एका थंडीत वारल्या. त्यानंतरच्या पावसाळ्याची गोष्ट.

आमच्या वरच्या अंगाला कडूबाईचं रान. नवरा वाळूजला कंपनीत, शेती हीच बघते. कापूस सोडून तिनं पहिल्यांदाच अद्रक लावली होती, दादाकडून बेणं नेऊन. भादव्यात झड लागली आणि तिचे बेड पिवळे पडले. मी तेव्हा गावीच होते. बांधावर दहाबारा माणसं जमली, आणि दादाचेच शब्द दादाच्याच शिष्यांनी तिला ऐकवले. "पाणी लई पाजलं असंल." "बाईमाणसाला निचरा काय कळतोय?" नवरा तर म्हणाला, "म्हणलं होतं, कापूसच बरा." कडूबाई बिचारी पदराचं टोक पिळत उभी होती.

दादानं एक कंद उपटला, वास घेतला. मग खाली आमच्या रानात गेला. तिथला एक कंद काढला. तोही हुंगला. मला वाटलं, हा आता तसाच घरी जातो. गेला असता तरी कुणाला काय कळणार होतं? वास घेणारं नाक गावात एकच.

पण तो दोन्ही कंद घेऊन वर आला.

"कडूबाईला कुणी बोलू नका. तिचे बेड उंच हायेत, चर बी हाय. सड बेण्यातनं आली. बेणं माझं. माझ्या बी रानात लागलीय."

एकजण दादाला म्हणाला, "तात्या, बेणं तर औषधात बुडवूनच लावतात ना? तुम्ही अन् विसरले?"

"इसरलो नाय," दादा म्हणाला. "दरसाल ते घरधनीण करायची. मी बाहेर भाषण देत बसायचो. मला वाटायचं, बेणं तयारच असतंय."

अहो, ज्या माणसाचं सगळं नाव त्या बेण्यावर, त्यानं भर बांधावर ते आपल्या हातानं उतरवून ठेवलं! मी तिथंच रडले आणि वर त्या शिष्यांना दोन शब्द सुनावले.

कडूबाईच्या चरांत झडीचं साचलं पाणी काढायला उतार फक्त आमच्यातनं. दादानं स्वतः कुदळ घेऊन आपल्याच हिरव्या बेडांतून चर मारला. सडके कंद मातीसकट गोणीत भरून बाहेर काढले, उरलेल्याच्या मुळाशी औषध ओतून आळवणी केली. आमचे बेड गेले. कडूबाईची निम्मी अद्रक वाचली. नवरा आता कापसाचं नाव काढत नाही.

यंदा लागवडीआधी दादाचा फोन आला. "उद्या ये. भाकरी करायच्यात."

"किती माणसं आहेत?"

"तू ये तं."

गेले. अंगणात ड्रमभर औषधाचं पाणी होतं, शेजारी जाळीच्या पिशव्यांत बेणं, आमचं आणि कडूबाईचंही. मी चुलीपुढं बसले. पहिली भाकरी तव्यावर पडली आणि दादानं पिशव्या ड्रमात सोडल्या. मग माझ्या हातांकडं बघत बसला. मंत्र नाही, भाषण नाही.

"अरे, एवढ्या कोण खाणार?" मी दोनदा विचारलं.  परातीतलं पीठ संपलं, शेवटची भाकरी टोपलीत गेली, तसा तो उठला आणि पिशव्या बाहेर काढू लागला.

"काय रे हे? मनगटावर घड्याळ आहे की तुझ्या!"

"ती घड्याळ नव्हती बघत. कडूबाई बसायला यायची तिच्याकडं, तिनं सांगितलं मला. भाकरी झाल्या की काढायची."

बेणं सावलीत पसरून झालं. हात साबणानं धुऊन तो माझ्यासमोर येऊन बसला. मी ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली.

"इतकी वर्षं खाल्ल्या गं ह्या भाकरी," तो म्हणाला, "पण शेवटची भाकरी झाली की ती अंगणात कशाला पळती, एकदा बी नाय विचारलं मी."