उघड्या गाडीचं अडकलेलं दार

"दार नीट लागल्याशिवाय ठमी या गाडीत बसणार नाही," सूनबाईने जाहीर केलं आणि सासऱ्यांच्या हातातला पाना हातातच राहिला.

गाडी जुनी, छत दुमडून मागे टाकायची. मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी याच गाडीतून सोडलं, म्हणून सोमवारी नातही यातूनच जाणार, हा सासऱ्यांचा हट्ट. पण बाजूचं दार कुठे टेकायचं, कुठे नाही. फटीतून ठमीची बाहुली आरपार जायची. फट पाहताक्षणी सूनबाईच्या डोळ्यांपुढे ठमी चाकाखाली जाऊन आलीसुद्धा.

सासऱ्यांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली. बिजागऱ्या सैल केल्या, मागे पत्र्याच्या चकत्या सारल्या, पुन्हा आवळल्या. रविवारी दार 'खट्' करून बसलं.

"ऐकलात? नवी होती तेव्हा अस्साच आवाज यायचा!"

गाडी खाली उतरली. सासूबाई ऐटीत पुढे बसल्या, मुलगा मागे. दार लागलं. मग उघडेना.

"छत नाही ना, मधे वजन पडलं की गाडी वाकते आणि दार आवळतं," सासरे डोकं खाजवत म्हणाले. "रिकाम्या गाडीवर माप घेतलं, तिथे फसलो."

"वजन म्हणजे माझं?"

"तुझं कुठे म्हणालो?"

"मग मागे तुमचा लेक काय पिसाचा आहे?"

लेकाने बाहेर उडी मारून स्टूल आणलं. सासूबाई एक पाय आत, एक पाय बाहेर अशा असतानाच शेजारीण फाटकात आली. "कुठे निघालात?"

"कुठे नाही, उतरतेय!"

मग घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवून सासऱ्यांनी पुन्हा बिजागऱ्या बसवल्या; आता दार लागायचंही आणि उघडायचंही. ठमी मात्र बाहेर उभी राहून दाराच्या कुलपात काडी खुपसत होती.

"खुपस बाई," सासूबाई म्हणाल्या. "तुझा बाबा शाळेत गेला तेव्हापासून या कुलपाची किल्ली हरवलीय. त्या दिवशीही हे दार असंच अडकलं होतं. हा रडतोय आणि मला उतरता येईना! तोवर बाई त्याला आत घेऊन गेल्या. घरी येईपर्यंत मीच रडत होते."

सोमवारी सूनबाई पुढे बसली, मांडीवर ठमी; मागे नवरा आणि सासूबाई. दार सासऱ्यांनी स्वतः लावलं. शाळेपाशी नवऱ्याने मागून उतरून ठमीला वरच्या वर उचलून खाली ठेवलं. ती फाटकापर्यंत गेली, वळली आणि तिचा खालचा ओठ थरथरला.

सूनबाईने दाराची कडी ओढली. "बाबा, दार!"

"अडकलं वाटतं," सासरे म्हणाले. "जोर नको लावूस, बिजागरी हलेल."

सूनबाई सीटवर चढली, एक पाय दारापलीकडे टाकला आणि तिथेच अडकली, ना आत ना बाहेर. ठमीचा ओठ थांबला.

"आई घोडा घोडा करतेय!" ती खिदळली आणि बाईंचं बोट धरून आत गेली. पुन्हा वळलीही नाही.

परतताना सूनबाई सारखी डोळे पुसत होती. धूळ फार होती म्हणे.

घरी आल्यावर सासरे उतरले, वळसा घालून तिच्या बाजूला आले, खिशातून इवलीशी किल्ली काढून कुलपात फिरवली. दार अलगद उघडलं.

सूनबाई किल्लीकडे बघतच राहिली. सासूबाई मागून वाकल्या.

"अहो, ही तर हरवली होती ना?"

"सापडली," सासरे फडक्याने दार पुसू लागले.

"कधी?"

"त्याच दिवशी. तो वर्गात गेल्यावर."