पाच गुणांच्या चिंबोऱ्या

कथेचं पहिलं वाक्य कसं ठोकावं, हे अख्ख्या पनवेल तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! हे मी आमच्या मुख्याध्यापिका मुबीना मॅडमना तोंडावर सांगितलं आणि तिथेच फसलो.

फसलो कारण आमची नववी. गेल्या सराव परीक्षेत कथालेखनाला चौतीसच्या चौतीस जणांनी एकच लाकूडतोड्या जंगलात पाठवला होता. पाचपैकी सरासरी दीड गुण.

"निनाद सर, या वेळी सरासरी चार आणा," मॅडम म्हणाल्या. "शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे. नाहीतर पुढच्या वर्षी दहावीचं मराठी दुसऱ्याला देईन."

दहावी म्हणजे माझा जीव की प्राण. मी म्हटलं, या पोरांना अनुभवच नाही, तर लिहितील काय? मग अनुभवच वर्गात आणू! उरणहून येणाऱ्या महादेव शिपायाला सांगितलं, "मोऱ्याच्या बंदरावरून दोन-तीन जिवंत चिंबोऱ्या आण. नांग्या बांधलेल्या नकोत. मुलं घाबरली पाहिजेत."

महादेवने टोपलीभर आणल्या. "दोन-तीन कोनाला पुरतात, सर?"

मी साताऱ्याकडचा, शाकाहारी. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, फक्त चित्रात पाहिलेला. टोपली टेबलावर ठेवली, झाकण काढलं, "नीट पाहा, ऐका, वास घ्या आणि मग लिहा" एवढं म्हणालो आणि माझाच हात लागून टोपली कलंडली.

घाबरतंय कोण? दिपिकाने एक मागून अलगद उचलली आणि उलटी करून पाहिली. "आमोशेच्या हायेत, सर. मासानं भरलेल्या." मागच्या बाकांवर रस्सा करायचा की सुकं यावरून वाद पेटला. तेवढ्यात एक चिंबोरी माझ्या पँटच्या पायातून वर निघाली.

"पाय हलवू नका, सर," भावेश म्हणाला. "हलवला का धरते."

मी हलवला. तिने धरलं. पुढचं सगळं मला टेबलावरून दिसलेलं आठवतं, आणि दारात उभ्या मुबीना मॅडम.

"सर, वर काय करताय?"

"कथालेखन, मॅडम."

आठ दिवसांनी परीक्षा झाली. विषय होता 'राजा शिकारीला जातो'. चौतीसच्या चौतीस राजे चिंबोरीला पाहून सिंहासनावर चढले आणि 'आई गं, मला घरी ने' म्हणत रडले! पेपर तपासले दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी. प्रत्येकावर एकच शेरा: 'राजा अगदी जिवंत उतरला आहे. मात्र रडण्यात अतिशयोक्ती. एक गुण वजा.'

सरासरी साडेतीन. अर्ध्या गुणाने माझी दहावी गेली! मी डोकं धरून बसलो.

"फेरतपासणी मागू या," मॅडम म्हणाल्या. "ही अतिशयोक्ती नाही, मुलांनी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलंय, एवढं तुम्ही लिहून द्या. सहीनिशी."

"आमी सगली साक्षीला हाव, सर," वह्या ठेवायला आलेला भावेश म्हणाला. "पोरांनी कमीच लिवलाय. तुमी तर दोनदा रडलाव."

अर्जाचा कागद गेले चार दिवस माझ्यासमोर आहे. पहिलं वाक्य सुचत नाही.